वाजून थांबलेल्या फोनचा हिशेब

प्रति,
मा. मुख्य सचिव,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : सरकारी कार्यालयांच्या ईपीएबीएक्समधील कॉल-नोंदी नागरिकांच्या उपयोगी आणण्याबाबत.

सन्माननीय मुख्य सचिव,

सरकारी कार्यालयात आलेले साधे पोस्टकार्डसुद्धा बारनिशीत चढते. त्यावर आवक क्रमांक पडतो, तारखेचा शिक्का बसतो, ते कोणत्या टेबलावर गेले हे लिहिले जाते आणि उत्तर गेले नाही तर प्रलंबित प्रकरणांच्या गोषवाऱ्यात ते दिसते. त्याच कार्यालयात आलेल्या फोनला मात्र हा मान नाही. फोन वाजतो, वाजून थांबतो आणि पलीकडचा माणूस एक दिवसाची मजुरी बुडवून एसटीने तालुक्याला यायला निघतो. त्याने आधी फोन केला होता याची कार्यालयात काहीच खूण उरत नाही, असे आपण सगळे धरून चालतो. पण खूण उरू शकते आणि बऱ्याच ठिकाणी उरतेही. ती कोणी वाचत नाही.

मी ईपीएबीएक्स, म्हणजे कार्यालयाची अंतर्गत टेलिफोन यंत्रणा, बसवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम करतो. ऑपरेटरच्या मागे भिंतीवर असलेल्या त्या पेटीत प्रत्येक फोनमागे एक ओळ तयार होऊ शकते: तारीख, वेळ, फोन कोणत्या लाइनवर आला, कोणत्या एक्स्टेंशनला गेला, किती सेकंद वाजला, उचलला की नाही, किती वेळ बोलणे झाले. जुन्या यंत्रांत या नोंदीला एसएमडीआर म्हणतात, नव्या आयपी यंत्रांत सीडीआर. काय बोलणे झाले ते त्यात नसते, फक्त बोलणे झाले की नाही एवढे असते.

माझ्या मागण्या दोन आहेत. या ओळी वाचल्या जाव्यात, म्हणजे जनतेचे किती फोन अनुत्तरित राहतात हे सरकारला कळेल. आणि त्या वाचण्याच्या निमित्ताने कोणाही कर्मचाऱ्याच्या किंवा नागरिकाच्या खासगी आयुष्यात डोकावले जाऊ नये. दोन्ही एकाच पत्रात लिहितो, कारण पहिली मागणी मान्य करून दुसरी सोडून दिली तर फायद्यापेक्षा नुकसान जास्त होईल.

या नोंदी आजवर का वाचल्या गेल्या नाहीत, याला इतिहास आहे. त्या जन्मल्याच मुळी बिलासाठी. एसटीडीच्या काळात अंतर आणि वेळ पाहून पल्स पडायचे आणि महिन्याचे बिल पाहून कार्यालयप्रमुखाला घाम फुटायचा. बाहेरगावी कोण किती बोलले, एवढाच त्याचा प्रश्न होता. म्हणून यंत्राच्या सिरियल पोर्टला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जोडत आणि सलग कागदावर ओळीमागून ओळ उमटत राही. पुढे प्रिंटरच्या जागी संगणक आला, कॉल बिलिंगचे सॉफ्टवेअर आले, एक्स्टेंशनना एसटीडी लॉक लागले. येणाऱ्या फोनला पैसे पडत नव्हते, म्हणून त्याची नोंद ठेवण्यात कोणाला रस नव्हता. कागदाची बचत व्हावी म्हणून ‘इनकमिंग’ची नोंद सेटिंगमध्येच बंद ठेवली जाई.

आता ठरावीक मासिक दरात देशभर बोलता येते. बिल तपासायची गरज उरली नाही, सॉफ्टवेअरचा देखभाल करार कोणी पुढे वाढवला नाही आणि संगणकाला गेलेली वायर तुटली तरी कोणाला कळले नाही. सेटिंग मात्र जुनेच राहिले. आजही अनेक यंत्रांत बाहेर गेलेल्या फोनची नोंद होते, आलेल्याची होत नाही; किंवा आलेल्यांपैकी फक्त उचललेल्यांची होते. म्हणजे नागरिकाला ज्या फोनचे उत्तर मिळाले नाही, नेमका तोच गळतो. हे सेटिंग बदलायला नवे यंत्र लागत नाही. बहुतेक ठिकाणी देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञाचे ते एका भेटीचे काम आहे.

नोंद सुरू केल्यावर काय दिसते, ते सांगतो.

पहिल्यांदा दिसते ती वेळ. कोणत्या तासाला सर्वाधिक फोन येतात आणि कोणत्या तासाला सर्वाधिक वाजून थांबतात, हे दोन आकडे शेजारी ठेवले की कार्यालयाचा दिवस समोर उभा राहतो. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि कामाची वेळ सकाळी ९.४५ ते सायंकाळी ६.१५ अशी झाली. त्यानंतर सोमवारी सकाळी फोनचा किती भार येतो, वाढवलेल्या संध्याकाळच्या वेळेत नागरिक फोन करतात का, याचे उत्तर अंदाजाने देण्याची गरज नाही. ते या ओळींत मिळेल.

दुसरी गोष्ट सरावलेल्या डोळ्यालाच दिसते. एखादे एक्स्टेंशन तासन्‌तास ‘व्यस्त’ दाखवते, त्याच्याकडे आलेला प्रत्येक फोन परत जातो, पण त्या वेळात त्या एक्स्टेंशनवरून कोणतेही बोलणे झाल्याची नोंद नसते. याचा अर्थ बहुधा एकच: रिसीव्हर बाजूला काढून ठेवलेला आहे, नाहीतर ते यंत्र बिघडले आहे. दोन्ही बाबतींत उपाय लगेच करता येतो.

तिसरे म्हणजे फोनची फिरवाफिरव. नागरिकाचा फोन ऑपरेटरकडून आस्थापना शाखेत जातो, तिथून लेखा शाखेत, तिथून पुन्हा ऑपरेटरकडे. यंत्रात याच्या तीन-चार वेगळ्या ओळी पडतात आणि प्रत्येक ओळ म्हणते ‘उचलला’. सुट्या ओळी मोजल्या तर कार्यालय उत्तम चालले आहे असा अहवाल तयार होईल. त्या जोडून एका माणसाचा प्रवास म्हणून पाहिल्या की कळते, शेवटी त्याच्याशी कोणीच बोलले नाही.

चौथे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे: एकाच क्रमांकावरून त्याच दिवशी पुन्हा पुन्हा आलेले फोन. ज्याला पहिल्या फोनमध्ये उत्तर मिळाले त्याला पुन्हा फोन करावा लागत नाही. ज्या शाखेकडे असे फोन जास्त, तिथे एकतर उत्तर मिळत नाही किंवा मिळालेले उत्तर कळत नाही.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ने अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क नागरिकाला दिला. ती मुदत अर्ज दाखल झाल्यापासून मोजली जाते. पण अर्जाआधीचा प्रश्न, कोणते कागद लागतील, साहेब गुरुवारी आहेत का, दाखला तयार झाला का, हा फोनवरच विचारला जातो. त्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही तर अपुऱ्या कागदांचा अर्ज येतो, तो परत जातो आणि नागरिकाची दुसरी खेप होते. कायद्याच्या घड्याळात ही खेप कुठेच मोजली जात नाही. कॉल-नोंदींत तिची सुरुवात दिसते.

या नोंदी फसवूही शकतात. ते आधीच सांगणे माझे कर्तव्य आहे, कारण चुकीच्या आकड्यावर काढलेला आदेश आकडाच नसण्यापेक्षा वाईट.

सर्वांत मोठी फसगत ‘उचलला’ या शेऱ्यात आहे. ‘मराठीसाठी एक दाबा’ असे ध्वनिमुद्रित स्वागत जिथे आहे, तिथे यंत्राच्या दृष्टीने फोन त्या आवाजाने उचललेला असतो. पुढे नागरिक दहा मिनिटे संगीत ऐकून कंटाळून फोन ठेवतो, तरी नोंदीत शेरा ‘उचलला’ आणि बोलण्याचा वेळ दहा मिनिटे! म्हणून माणसाने फोन उचलला तो क्षण वेगळा मोजला पाहिजे. रांगेची नोंद ठेवण्याची सोय असलेल्या यंत्रांत तो मिळतो. तो मागितला नाही तर मात्र कोणी आपणहून देणार नाही.

दुसरी फसगत घड्याळाची. यंत्रातली छोटी बॅटरी संपली की वीज गेल्यावर तारीख-वेळ मागे जाते आणि पुढच्या सगळ्या नोंदी चुकीच्या तासात पडतात. नोंदी साठवण्याची जागाही अनेक यंत्रांत मर्यादित असते. त्या वेळेवर संगणकात उतरवून घेतल्या नाहीत तर नवी ओळ जुनीवर चढते.

तिसरी गोष्ट नोंदीत न येणाऱ्या माणसांची. कार्यालयाच्या सगळ्या लाइन भरलेल्या असताना ज्याने फोन केला, त्याला एंगेज टोन दूरसंचार कंपनीच्या एक्स्चेंजमधूनच मिळतो. त्याचा फोन कार्यालयाच्या यंत्रापर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे त्याची ओळही पडत नाही. हा आकडा सेवा देणाऱ्या कंपनीकडून दरमहा मागवावा लागेल.

लाइन किती हव्यात, याचे गणित शंभर वर्षांहून जुने आहे. कोपनहेगन टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ॲग्नर क्रारुप एरलांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ मध्ये टेलिफोनच्या संभाषणांना संभाव्यतेचा सिद्धांत लावला आणि १९१७ मध्ये त्याची प्रसिद्ध सूत्रे मांडली. जगभर फोनचा भार मोजण्याचे एकक आज त्याच्याच नावाने ओळखले जाते. समजा, एका कार्यालयात गर्दीच्या तासाला सरासरी तीन-तीन मिनिटांचे ३० फोन येतात. एकूण बोलणे ९० मिनिटांचे. दोन लाइन असतील तर तासाभरात १२० मिनिटे हाताशी आहेत, म्हणजे पुरेशा आहेत, असे कोणीही म्हणेल. पण फोन ठरवून एकामागून एक येत नाहीत. एरलांगच्या सूत्राने हिशेब केला तर दोन लाइनवर दर १०० पैकी सुमारे ३१ फोन एंगेज टोन ऐकून परत जातात. तीन लाइन केल्या तर १३, चार केल्या तर सुमारे ५ आणि पाच केल्या तर दीडच्या आत. परत गेलेला माणूस लगेच पुन्हा फोन लावतो, त्यामुळे प्रत्यक्ष स्थिती याहून बिकट असते. एखाद्या जिल्हा रुग्णालयाच्या रक्तपेढीला दोन लाइन द्यायच्या की चार, हा निर्णय अशा हिशेबाने व्हावा. आज तो बहुतेक वेळा ‘पूर्वीपासून दोनच आहेत’ या कारणाने होतो.

लाइन वाढवली तरी उचलणारा माणूस लागतो आणि इथे मला कर्मचाऱ्यांची बाजू मांडायची आहे. फोन न उचलणारा प्रत्येक लिपिक आळशी आहे, असे मी कधीच म्हणणार नाही. कामानिमित्त मी ज्या टेबलांखाली वायर ओढल्या, त्यांतल्या कित्येक टेबलांवर एकच माणूस दोन टेबलांचा कार्यभार सांभाळताना पाहिला आहे. समोर खिडकीवर रांग, बाजूला फोन. रांगेतला माणूस दिसतो, फोनवरचा दिसत नाही. साहजिकच फोन वाजत राहतो. कॉल-नोंदी नीट वाचल्या तर त्या अशा माणसाच्या बाजूने साक्ष देतील. ‘११ ते १ या वेळात या टेबलावर तासाला इतके फोन येतात आणि माणूस एकच आहे’ हे वाक्य रिक्त पद भरण्याच्या प्रस्तावात आकड्यांसह लिहिता येईल. पण त्याच नोंदी कारणे दाखवा नोटिशीला जोडल्या जाऊ लागल्या, तर महिनाभरात लोक फोन उचलून लगेच ठेवायला शिकतील. आकडा सुधारेल, नागरिक तिथेच राहील.

आता दुसऱ्या मागणीकडे येतो.

बोलणे ध्वनिमुद्रित केलेले नाही, फक्त क्रमांक आणि वेळ आहे, मग खासगीपणाचा प्रश्न कुठे येतो, असे आपल्याला कोणी सांगेल. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठशेहून अधिक स्वयंसेवकांच्या फोनच्या फक्त अशा नोंदी तपासल्या. एकाचे फोन हृदयरोग विभागाशी, मग एका प्रयोगशाळेशी, औषधाच्या दुकानाशी आणि हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवणाऱ्या उपकरणाच्या मदतसेवेशी झाले होते. संभाषणाचा एक शब्द न ऐकता त्याचा आजार ओळखता आला. आपल्याकडे अशा नोंदींचा बाजारही झाला. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी मोबाइलचे सीडीआर बेकायदा मिळवून विकणाऱ्यांचे जाळे उघडकीस आणले आणि त्यात खासगी गुप्तहेरांना अटक झाली. ज्या नोंदीला बाजारात भाव आहे, ती कार्यालयातल्या एका साध्या संगणकावर पासवर्डशिवाय पडून राहणे धोक्याचे आहे.

कार्यालयाच्या फोनवरही माणसाचा खासगीपणा संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये फोन टॅपिंगच्या खटल्यात घरातले आणि कार्यालयातले टेलिफोनवरचे संभाषण खासगीपणाच्या हक्कात येते असे मानले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाचा २००७ चा एक निकाल तर नेमका या विषयावर आहे. वेल्समधल्या एका महाविद्यालयाने आपल्या कर्मचारी महिलेच्या फोनच्या बिलांवरून ती कोणाला, कधी, किती वेळ फोन करते हे तपासले होते. कायद्याचा आधार आणि पूर्वसूचना नसताना केलेली ही पाहणी तिच्या खासगी जीवनाच्या हक्काचा भंग ठरली. आपला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ चा आहे, आणि फोन क्रमांक हा वैयक्तिक डेटाच आहे.

सरकारी कार्यालयात तर याहून नाजूक गोष्टी घडतात. आपल्याच वरिष्ठाविरुद्ध लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर फोन करणारा कर्मचारी असतो. लैंगिक छळाची तक्रार करण्यासाठी अंतर्गत समितीच्या सदस्याला फोन करणारी महिला असते. घरच्या मारहाणीतून सुटण्यासाठी संरक्षण अधिकाऱ्याच्या कार्यालयात फोन करणारी आणि परत फोन आला तर नवऱ्याला कळेल म्हणून घाबरलेली कोणी असते. एचआयव्हीवरील उपचारांच्या एआरटी केंद्राला फोन करणारा रुग्ण असतो. यांच्या ओळी कार्यालयप्रमुखाच्या टेबलावरच्या यादीत छापून आल्या, तर ज्यांच्यासाठी ही सगळी खटपट करायची तेच लोक फोन करणे सोडतील.

म्हणून आपण एक शासन निर्णय काढावा आणि त्यात पुढील गोष्टी असाव्यात, अशी विनंती आहे.

१. नागरिकांचे फोन येणाऱ्या प्रत्येक कार्यालयात आलेल्या आणि न उचललेल्या फोनची नोंद सुरू करावी, यंत्राचे घड्याळ दर महिन्याला तपासावे आणि लाइन भरल्याने परत गेलेल्या फोनचा आकडा सेवा देणाऱ्या कंपनीकडून घ्यावा.

२. अहवाल शाखानिहाय असावा, व्यक्तिनिहाय नसावा. बाहेर गेलेल्या फोनचे क्रमांक या कामासाठी उतरवूनच घेऊ नयेत. आलेल्या फोनचा क्रमांक फक्त पुन्हा आलेला फोन ओळखण्यासाठी लागतो. तो सांकेतिक रूपात ठेवावा आणि संकेताची गुप्त किल्ली त्या कार्यालयाबाहेर असावी. किल्लीशिवायचा संकेत पुरेसा नाही, कारण दहा आकडी क्रमांकाच्या सगळ्या शक्यता संगणक थोड्या वेळात तपासून मूळ क्रमांक शोधू शकतो.

३. संरक्षण अधिकारी, एआरटी केंद्र, अंतर्गत समिती आणि तत्सम एक्स्टेंशनचे फोन फक्त एकूण संख्येत मोजावेत, त्यांच्या सुट्या ओळी ठेवू नयेत.

४. मूळ ओळी ९० दिवसांनी नष्ट कराव्यात. तोवर त्या कोणी, कधी, कशासाठी उघडल्या याचीही नोंद राहावी. शिस्तभंगाच्या कारवाईत त्यांचा वापर करू नये. या सगळ्याची लेखी सूचना कर्मचाऱ्यांना मराठीत द्यावी आणि त्यांच्या संघटनांशी आधी चर्चा करावी.

५. दरमहा आलेले फोन, माणसाने उचललेले, वाजून थांबलेले आणि उचलेपर्यंत लागलेला वेळ हे आकडे माहितीचा अधिकार अधिनियम, २००५च्या कलम ४ प्रमाणे आपणहून जाहीर करावेत. वेळेची केवळ सरासरी देऊ नये. किती जणांना २० सेकंदांत उत्तर मिळाले आणि किती जणांना पाच मिनिटांहून अधिक थांबावे लागले, हे सांगावे. सरासरीत सर्वांत जास्त ताटकळलेला माणूस दिसेनासा होतो.

यावर एक आक्षेप येईल, तो असा की आता सगळे मोबाइलवर चालते, कार्यालयाचा फोन कोण लावतो? साहेबांचा मोबाइल क्रमांक ज्याच्याकडे आहे, त्याचे काम मोबाइलवर होते हे खरे. पण ज्याची कोणाशी ओळख नाही, त्याच्याकडे दाखल्यावर छापलेला कार्यालयाचा क्रमांकच असतो. तो क्रमांक वाजून थांबत असेल, तर सरकारपर्यंत पोहोचायला ओळख लागते असाच त्याचा अर्थ होतो. हे कोणत्याही सरकारला परवडू नये.

सर्व कार्यालयांत एकदम हे करणे जड वाटत असेल, तर एक जिल्हाधिकारी कार्यालय, एक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आणि एक तहसील कार्यालय निवडा. तीन महिने वरच्या पाच अटींसह नोंदी ठेवा आणि निघेल तो आकडा, चांगला असो वा वाईट, जाहीर करा. कमी लाइनमुळे फोन परत गेले असतील तर लाइन द्या, माणूस कमी असेल तर माणूस द्या, ध्वनिमुद्रित स्वागताच्या चक्रात नागरिक अडकत असेल तर ते चक्र छोटे करा. मग पुन्हा तीन महिने मोजा. फरक पडला तर राज्यभर आदेश काढा. पोस्टकार्डाची आवक नोंदवणाऱ्या प्रशासनाला फोनची आवक नोंदवणे अवघड नाही. त्यासाठी फक्त आपल्या सहीची वाट आहे.

आपला,
एक टेलिफोन तंत्रज्ञ